उसनी खोली

९ जानेवारी

मास्तरीणबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. फोन करता आला असता. पण फोनवर माझ्या तोंडून खोटं पटकन निघून जातं. कागदावर लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात लाज वाटते.

तुझ्या नवऱ्याला मी माझ्याकडे आणलं आहे. तू सोडून गेल्यापासून माझ्या भावाला 'तुझा नवरा' म्हणायचं मी टाळत होते. पण कागदोपत्री तो अजून तुझा नवराच आहे आणि मला आज त्या नात्याची गरज आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे हिला नेमकं काय हवंय ते पत्रभर शोधत बसायला नको. पैसे नकोत.

त्याच्या फुप्फुसांत वाळू बसली आहे. तू हे सांगून दमली होतीस. कोऱ्या जीन्स जुन्या, विटलेल्या दिसाव्यात म्हणून बंद खोलीत त्यांच्यावर वाळूचा फवारा मारायचा, आणि नाकातोंडाला काय, तर रुमाल! शेजारच्या दालनात धागे कापता कापता तू सगळ्यांच्या जादा कामाच्या तासांचा हिशेब तोंडी करून द्यायचीस, म्हणून तुला कारखाना मास्तरीण म्हणायचा. तुझ्या सांगण्यावरून त्याने वाळूची खोली सोडली. मग तिथे मजुरी जास्त म्हणून चोरून परत गेला. उशीच्या अभ्र्यावर तुला वाळू सापडली आणि तू पिशवी भरलीस. तेव्हा मी कुणाचीच बाजू घेतली नाही. त्याला मी निःपक्षपातीपणा म्हणत असे.

आता तो खाटेवरून खुर्चीपर्यंत जातो आणि मोठा प्रवास करून आल्यासारखा बसून राहतो. ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घुरघुरत असतं. जीभ मात्र शाबूत आहे. परवा म्हणाला, "ताई, फाटक्या पँटीला दुकानात दुप्पट भाव. फाटक्या फुप्फुसाला कुत्रं विचारत नाही."

डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. फुप्फुसं बदलणं हा एकच उपाय. कुणीतरी जातं, त्याचे नातेवाईक दान करतात, ती बसवतात. त्यासाठी प्रतीक्षायादीत नाव लागावं लागतं आणि नाव लागण्याआधी रुग्णालयाच्या बाई घराची पाहणी करायला येतात. रोग्याला वेगळी खोली हवी, तिला लागून न्हाणीघर हवं, धूळ नको, ओल नको. आणि सांभाळायला घरचीच दोन माणसं हवीत. मला विचारलं, दोन कोण? मी म्हटलं, मी आणि त्याची बायको.

म्हणून पाहणीच्या दिवशी तू यावंस. एकच दिवस. चहा करून दे, दोन वाक्यं बोल आणि संध्याकाळच्या गाडीने परत जा. मी हे लिहिते आहे ते त्याला माहीत नाही.

तुझी,
ताई


२३ जानेवारी

मास्तरीणबाई,

तुझं पत्र मिळालं. 'दाखवायला म्हणून मी येणार नाही. ऑपरेशन ठरलं तर सांभाळायला येईन, लागेल तितके महिने राहीन.' हे वाचून मी आधी रागावले. मग माझ्याच लक्षात आलं की मी एक दिवस मागितला होता आणि तू सगळे देऊ केलेस. राग कशाचा आला होता, ते अजून शोधते आहे.

पत्र त्याच्यापासून लपवलं नाही. त्याने ते डोळ्यांजवळ धरलं, बराच वेळ. मला वाटलं रडतो की काय. तर म्हणाला, "अक्षर अजून तसंच आहे. रागावल्यासारखं."

तू ज्या शेठजींची शुश्रूषा करतेस त्यांचं यकृत कसं बदललं, तेही त्याला वाचून दाखवलं. तीन शहरांतल्या तीन रुग्णालयांत त्यांचं नाव होतं, कुठूनही फोन आला की तासाभरात विमान तयार. तो खोकला येईपर्यंत हसला. "आपलं नाव एका शहरात तरी लागू दे म्हणावं. विमानाचं मग बघू."

तू खोलीबद्दल पानभर लिहिलंस त्याचा फार उपयोग होतो आहे. पण खोली कुठली, हा प्रश्न होता. माझं घर तू पाहिलेलं नाहीस. खाली सुताराचा कारखाना आहे. करवत सुरू झाली की जमिनीच्या फटींतून भुसा वर येतो. प्रुफं तपासताना मी आधी कागदावरून हात फिरवते आणि मगच पेन्सिल टेकवते. आतल्या भिंतीला ओल आहे. न्हाणीघर तीन बिऱ्हाडांत एक.

वरच्या मजल्यावर एक म्हातारे घड्याळजी राहतात, एकटेच. घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून त्यांच्या खोलीत धुळीचा कण सापडणार नाही. खिडक्यांना फटी नाहीत, भिंतींना गुळगुळीत रंग, स्वतःचं न्हाणीघर. मी चाचरत विचारायला गेले, तर त्यांनी डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही.

"धुळीशी माझं वैर तुमच्या भावाच्या आधीपासूनचं आहे," म्हणाले. "एक दिवस काय, दोन दिवस घ्या. मी खाली सुताराकडे जाऊन बसतो. त्याचं घड्याळ नेहमी मागे असतं, तेवढंच पुढे करून येईन."

हे खोटं आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. रोजनिशीत आधी 'व्यवस्था' असं लिहिलं, ते खोडून 'बनवाबनवी' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं 'खोली मिळाली' असं लिहून वही मिटली.

ताई


१२ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

पाहणी झाली. चांगली झाली!

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कुंड्या बाहेर, पडदे खाली, पांढऱ्या चादरी, हात धुवायच्या द्रावणाची बाटली दारातच. हवा शुद्ध करायचं यंत्र आमच्या छापखान्याच्या मालकांकडून दोन दिवसांसाठी मागून आणलं. खोली अशी दिसायला लागली की मला स्वतःलाच तिथे आजारी पडावंसं वाटलं. त्याला खुर्चीत बसवून वर नेलं. सुतार आणि त्याचा माणूस दोन बाजूंनी, मागे मी ऑक्सिजनचा बाटला घेऊन. वर पोचल्यावर त्याचा श्वास परत यायला वेळ लागला. मग म्हणाला, "इथे मेलो तर घड्याळजींना भाडं द्यावं लागेल. त्यापेक्षा जगतो."

पाहणीच्या बाई माझ्याच वयाच्या. थकलेल्या, सभ्य. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघून भुवया उंचावल्या. न्हाणीघराचा नळ सोडून पाहिला. त्याला विचारलं, काम काय करत होता? कपड्यांच्या कारखान्यात होतो, असं त्याने सांगितलं. तुझ्याविषयी विचारलं. मी म्हटलं, नोकरीला बाहेरगावी असते, ऑपरेशन ठरलं की येईल. हे खरं होतं, म्हणून मी ते जरा मोठ्यानेच म्हटलं.

एकाच ठिकाणी आमची गाळण उडाली. भिंतीला काचेचं कपाट आहे, घड्याळजींचं. त्यात लोकांची दुरुस्तीला आलेली घड्याळं ओळीने ठेवलेली. मनगटी, खिशातली, दोन-तीन तर फारच जुनी, सोन्याच्या मुलाम्याची. ती गिऱ्हाइकांची म्हणून घड्याळजींनी कपाटाला कुलूप लावून किल्ली बरोबर नेली होती. आम्ही घर झाडलं, पुसलं, पण कपाटाकडे आमचं लक्षच गेलं नाही. दोन दिवस बघून बघून ते भिंतच झालं होतं.

बाई त्यापुढे उभ्या राहिल्या. "ही एवढी घड्याळं कुणाची?"

मी उत्तर जुळवत होते. तर हा खाटेवरून म्हणतो कसा, "माझीच. छंद आहे. वेळ कमी उरला की माणूस घड्याळं जमवतो."

बाई हसल्या. चक्क हसल्या! मीही हसले. त्या गेल्यावर घड्याळजी वर आले, त्यांना सांगितलं, तर तेही डोळे पुसत हसले. "म्हणजे मी आता तुमच्याकडे नोकरीला का?" असं त्याला म्हणाले. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी वरच चहा घेतला आणि सुताराने करवत बंद ठेवल्याचे पैसेही मागितले नाहीत.

तू रजेचं बोलून ठेव. मला आतून वाटतं आहे की होईल.

ताई


११ मार्च

मास्तरीणबाई,

मागचं पत्र हाताशी असेल तर फाडून टाक.

पाहणी एक होती, पण समित्या दोन होत्या. एक समिती बघते, रोग्याचं घर ऑपरेशननंतर त्याला जगवण्यासारखं आहे का. दुसरी बघते, घर मदत देण्याइतकं गरीब आहे का. मदतीशिवाय हे ऑपरेशन आमच्या सात पिढ्यांना परवडणार नाही, आणि ऑपरेशनच्या खर्चाची सोय दाखवल्याशिवाय यादीतलं नाव चालू होत नाही. दोन्ही समित्या बाईंचा तोच अहवाल वाचतात. पहिलीने लिहिलं: घर उत्तम. दुसरीने लिहिलं: स्वतंत्र सुसज्ज खोली, हवा शुद्धीकरण यंत्र, मौल्यवान घड्याळांचा संग्रह, सबब मदतीस अपात्र.

त्याला वाचून दाखवताना मी घड्याळांचं गाळणार होते. त्याने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "घड्याळं आहेत ना त्यात? वाच."

मी घड्याळांसकट सगळं वाचलं.  मी म्हटलं, तू विनोद केला नसतास तरी खोली आणि यंत्र होतंच की. तो म्हणाला, "ताई, तू प्रुफं तपासतेस. एवढी मोठी चूक दिसत असताना ती चूक नाही, असं मला सांगू नकोस."

मी रुग्णालयात गेले आणि बाईंना खरं सांगितलं. खोली आमची नाही, घड्याळं आमची नाहीत, यंत्र मागून आणलेलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"त्या दिवशी तुम्ही खोली बघायला आला होतात."

"मी सगळंच बघायला आले होते हो. माझ्याकडे एकच डोळ्यांची जोडी आहे." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आता मला परत यावं लागेल. आणि आता जे दिसेल ते लिहावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

मला कळत होतं. तरी मी "या" म्हटलं. मदत मिळाली तर बाकीचं बघता येईल, असा हिशेब होता. पण आज विचार करते तेव्हा वाटतं, हिशेबाआधी दुसरंच काही होतं. खरं सांगून टाकल्यावर मला जे हलकं वाटणार होतं, ते मला हवं होतं. त्याच्या जिवावर मी माझं मन हलकं केलं का? तुला विचारते आहे, कारण तू मला उगाच 'नाही' म्हणणार नाहीस.

त्या काल येऊन गेल्या. करवत चालू होती. मी सुताराला बंद ठेव असं सांगितलं नाही. सांगावं का, यावर सकाळभर विचार केला आणि तेवढ्यात दार वाजलं. त्यांनी ओल पाहिली, फटींतून येणारा भुसा पाहिला, बाहेरच्या न्हाणीघरापुढची रांग पाहिली. जाताना त्यांनाच खोकला आला.

तो म्हणाला, "घड्याळं विकून टाकली, असं लिहा."

या वेळी कुणी हसलं नाही.

ताई


२ एप्रिल

मास्तरीणबाई,

मदत मंजूर झाली. घर नामंजूर झालं.

दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. मदत समितीने कुटुंबाची परिस्थिती हलाखीची असल्याचं मान्य करून ऑपरेशनचा जवळजवळ सगळा खर्च उचलायचं कबूल केलं आहे. दुसरी समिती म्हणते, निवास अयोग्य. आणि त्याखाली आणखी एक ओळ आहे. 'कुटुंबाने यापूर्वी खोटी माहिती दिलेली असल्याने ऑपरेशननंतरचे नियम पाळण्याबाबत ते विश्वासार्ह वाटत नाही.'

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातलं चुकीचं शोधत आले. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली आणि तिच्यात मला काही चूक सापडली नाही.

घड्याळजी रुग्णालयात माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा सदरा घालून. म्हणाले, माझी खोली मी यांना खरोखरच देतो, मी खाली झोपेन, लिहून देतो. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की समिती एकदा नाही म्हणाली की सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. घड्याळजींनी विचारलं, "आणि तोवर यांनी काय करायचं?"  बाहेर आल्यावर घड्याळजी मला म्हणाले, "पहिल्याच दिवशी मी हे म्हणायला हवं होतं. तुम्ही एक दिवस मागितलात, म्हणून मीही एकच दिवस दिला." 

डॉक्टरांना मी विचारलं, सहा महिने निघतील का. त्यांनी 'बघू' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यामुळे आता रजा मागू नकोस. मागितली असशील तर तुझ्या शेठजींना सांग, गरज उरली नाही. तो म्हणतो, तिने यायचं नाही, ऑपरेशन ठरलं तर यायचं, असं बोलणं झालं होतं. मी म्हटलं, तिला बघावंसं वाटत नाही का तुला? तर म्हणाला, "वाटतं म्हणून तर. मला श्वास घेताना बघून तिचं तोंड कसं होईल ते मला माहीत आहे. वाळू बघून झालं होतं तसंच."

हे मी त्याचं म्हणणं कळवलं. माझं म्हणणं काय आहे ते मला ठरवता येत नाही. तू ये असं लिहिलं तर त्याचा शब्द मोडते, येऊ नकोस असं लिहिलं तर तुझा हक्क. म्हणून मी दोन्ही लिहीत नाही, आणि हा भित्रेपणा आहे हे मला कळतं.

ताई


२७ एप्रिल

तू इथे दोन दिवस राहून गेलीस. त्याच्या खाटेवर बसलीस, उशीचा अभ्रा काढून धुतलास, घड्याळजींशी बोललीस. मला जे सांगायचं होतं ते तुझ्या तोंडावर सांगता आलं नाही. तुला गाडीत बसवून आले आणि लिहायला बसले.

तू मला विचारलंस, "सकाळी गेला, तर मला दुपारी का कळवलंत?" मी म्हटलं, धावपळीत राहून गेलं.

धावपळ नव्हती.

तो गेला तेव्हा मी त्याच्याजवळ होते. रुग्णालयातल्या नर्सने यंत्र बंद केलं आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा शांत झालं. मी बाहेर बाकावर येऊन बसले. फोन हातातच होता, तुझा नंबर काढलेला होता. तेवढ्यात पाहणीच्या बाई आल्या. माझ्या शेजारी बसल्या, माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "हे विचारताना मला फार जड जातंय. पण विचारणं माझं काम आहे. त्याचे डोळे देता येतील. दोन माणसांना दिसेल."

मी विचारलं, "ज्यांना बसवणार त्यांच्या घराची पाहणी होते?"

"डोळ्यांना नाही लागत."

"खर्चाची सोय?"

"तीही नाही. डोळ्यांसाठी ज्याचा नंबर आधी त्याला आधी. आणि खरं सांगू? आमच्याकडे डोळ्यांसाठी येतात ती बहुतेक गरीबच असतात."

म्हणजे बघ, मला सगळं सांगितलं होतं. नकळत झालं असं म्हणायची सोय नाही. माझ्यासमोर तो अहवाल लिहिणारी बाई होती, पण डोळे तिला नको होते. जे कुणी अंधारात बसले होते त्यांनी आमच्या घराला नावं ठेवली नव्हती. मी हे सगळं त्या बाकावर बसून नीट समजून घेतलं आणि "नाही" म्हटलं.

त्या म्हणाल्या, "आणखी काही तास आहेत, घाई नको. त्याच्या पत्नीला फोन करून विचारता का? खरा अधिकार त्यांचा आहे."

मी म्हटलं, करते.

त्या गेल्या. मी बाकावर बसून राहिले. मधे दोनदा त्या दाराशी येऊन गेल्या, मी मान हलवून 'अजून लागत नाही' अशी खूण केली. मी फोन लावलाच नव्हता. डॉक्टर येऊन म्हणाले, आता डोळ्यांची वेळ निघून गेली. तेव्हा मी तुझा नंबर लावला आणि तू पहिल्याच घंटेला उचललास.

सकाळी कळवलं असतं तर तू सकाळच्या गाडीत बसली असतीस. तुला त्याचं तोंड बघायला मिळालं असतं. ते मी घालवलं.

फोन का केला नाही, ते मी स्वतःला बरंच विचारलं. दुःखाने सुचलं नाही, असं तुला सांगता येईल आणि तू कदाचित मानशीलही. पण मला चांगलं सुचत होतं. तू "द्या" म्हणाली असतीस, हे मला ठाऊक होतं.